हात आधी, डबी नंतर

एकदा एका नदीकाठच्या बाजारगावात एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्या घराच्या पडवीत रोग्यांसाठी सहा खाटा होत्या आणि हाताखाली चार शिष्य होते. गाव त्यांना वैद्यबुवा म्हणे, शिष्य गुरुजी म्हणत. खरं नाव कुणी घेत नसे, त्यामुळे ते मलाही ठाऊक नाही.

त्या पडवीत शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जाई. वनस्पतींची नावं नंतर, नाडी त्याच्याही नंतर. हा नियम सगळ्यांच्या आधी. पोटदुखीचा रोगी आला, तर ‘हात आधी, डबी नंतर’. डबी म्हणजे अफूची डबी. रोग्याच्या पोटावरून गुरुजींचा हात फिरेपर्यंत ती उघडायची नाही. कारण असं सांगत, की अफूने दुखणं निजतं, आणि निजलेलं दुखणं आपली जागा सांगत नाही. मग रोग लपतो आणि वैद्य फसतो.

नियम चांगला होता. वाईट नियम चार दिवसांत उघडे पडतात. माणसाचा घात करतात ते चांगलेच नियम, कारण ते पाळताना मनाला टोचणी लागत नाही.

चौघांत थोरला शिष्य नरहरी. नऊ वर्षं तो त्या पडवीत होता आणि अफूची डबी त्याच्याच कनवटीला असे. नऊ वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान त्याने फारसा लपवलाही नव्हता.

एके सकाळी नदीपलीकडच्या एका वस्तीत बाळंतीण अडली, म्हणून गुरुजींना बोलावणं आलं. ‘दिवेलागणीपर्यंत येतो,’ एवढं सांगून ते निघाले. नदीला एकच नाव होती. नावाडी पलीकडचा. दिवस मावळताना तो शेवटची खेप करी आणि नाव आपल्या तीराला बांधून टाकी. मग सकाळपर्यंत राजा आला तरी ती सुटत नसे.

गुरुजी पलीकडे पोहोचलेही नसतील, तोच चार माणसांनी लखबा सनगराला खाटेवर घालून आणलं. लखबा घोंगड्यांचा व्यापारी. पन्नाशीचा, भरदार अंगाचा, बाजारात ज्याचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जाई असा माणूस. तो खाटेवर आडवा नव्हता. गुडघे पोटाशी घेऊन, उशीवर पोट दाबून, पुढे वाकून बसला होता. पाठीवर टेकवलं की ओरडत होता. पहाटे बेंबीच्या वर, मधोमध कळ उठली आणि ती तिथून आरपार पाठीत गेली होती. पाण्याचा घोटही ठरत नव्हता.

आजचा डॉक्टर एवढं ऐकूनच मान हलवील. जठराच्या मागे एक ग्रंथी आडवी पडलेली असते, तिला स्वादुपिंड म्हणतात. ती एकाएकी सुजली, की तिचा पाचक रस तिलाच पचवू लागतो. ज्या बायांना हे दुखणं झालं आहे, त्या सांगतात की त्यापेक्षा बाळंतपण परवडलं. मी शिकाऊ डॉक्टरांना हे सांगतो तेव्हा ते वहीत लिहून घेतात. लिहून कळण्यासारखी ही गोष्ट नाही, पण लिहितात बिचारे.

नरहरीने जे करायचं ते सगळं केलं. खायला काही देऊ दिलं नाही. चमचा चमचा पाणी पाजलं, उलटलं तर पुन्हा पाजलं. कपाळ पुसलं, पाठीशी लोड लावले. डबीला मात्र हात लावला नाही.

लखबाची बायको तुळजाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “दादा, काय तरी द्या की दुखन्यावर.”

“देतो, आई. गुरुजी आले की देतो.”

“कवा येनार?”

“दिवेलागणीला.”

तुळजाबाईने बाहेर पाहिलं. ऊन अजून अंगणातही उतरलं नव्हतं. “म्हंजे दीसभर ह्यांनी असंच बसायचं? डबी तुमच्या कनवटीला हाय न्हवं? गावात समद्यांस्नी म्हाईत हाय.”

“आहे. पण आत्ता दिली तर दुखणं निजेल आणि रोग लपेल.”

“रोग लपंना का,” ती म्हणाली. “मानूस तरी दिसंल.”

नरहरीला ते अडाणी बोलणं वाटलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि आपण किती शांत राहिलो याचंही त्याला बरं वाटलं.

आता तुळजाबाईची खरी घालमेल कशाची होती, ते सांगायला हवं. या दोघांना एकच लेक होती, रेणू. सहा वर्षांपूर्वी बापाने ठरवलेलं स्थळ नाकारून तिने नदीपलीकडच्या एका कोष्ट्याच्या मुलाशी लग्न लावलं होतं. लखबाने भर बाजारात तिला ‘लांब हो, मला लेक नाही’ असं सुनावलं आणि त्यानंतर तिचं तोंड पाहिलं नव्हतं. सनगराघरची लेक सासरी जाताना बाप तिच्या खांद्यावर घोंगडी घालतो. ती घोंगडी तशीच घडी घालून फडताळात पडली होती. पण त्या पहाटे, कळ पहिल्यांदा उठली आणि थोडी ओसरली तेव्हा लखबा बायकोला म्हणाला होता, “हे दुखनं काय बरं दिसत न्हाई. रेणूला बोलीव. मला तिच्याशी बोलायचं हाय.” तुळजाबाईने पहिल्या खेपेलाच निरोप धाडला होता. सहा वर्षं ज्या वाक्याची तिने वाट पाहिली, ते आलं होतं, आणि आता लेकीशी बोलायला नवऱ्याच्या तोंडात शब्दच उरला नव्हता.

दुपारपर्यंत लखबाचं ओरडणं थांबलं. बरं वाटलं म्हणून नव्हे; ओरडायलाही ताकद लागते. ओठ चावून चावून रक्ताळले होते. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांना कोणी दिसत नव्हतं. मधूनच तो एकच शब्द म्हणे, “द्या.” एकदा नरहरीचा हात आपसूक कनवटीला गेला. त्याने तो मागे घेतला. संध्याकाळी गुरुजी पोटावर हात ठेवतील, रोग नेमका सापडेल, आणि ते आपल्याकडे पाहून मान डोलवतील, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात रेणू आली. नावेतून उतरून ती धावतच आली असावी, कारण तिला धाप लागली होती. पडवीच्या पायरीशी ती क्षणभर थबकली. आई नुसतीच ‘ये’ असं म्हणाली. रेणू खाटेजवळ गेली, बापाच्या मागे बसली आणि लहानपणी बसायची तशी दोन्ही हातांनी त्याच्या पाठीला बिलगली.

ती कळ नेमकी पाठीतच होती. लखबा किंचाळला. कोपराने त्याने तिला असं ढकललं की ती खाटेवरून खाली पडली. “लांब हो,” तो म्हणाला. “लांब हो माझ्यापास्नं. हिला भाईर काढा.”

पडवीत आणल्यापासून त्याच्या तोंडून आलेलं तेवढंच स्पष्ट बोलणं होतं.

रेणू उठली. पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून ती बराच वेळ उभी राहिली. तुळजाबाई म्हणाली, “अगं, दुखन्यात बोलत्यात त्ये, तुला वळाखलं बी न्हाई त्यांनी.” रेणू म्हणाली, “वळाखलं, आई. सा वर्सांमागं ह्योच शबुद वापरला हुता.” आईने भाकरीचं गाठोडं पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. ऊन कलल्यावर ती घाटाकडे चालू लागली. तुळजाबाई नवऱ्याला सोडून तिच्यामागे जाऊ शकली नाही. नरहरीने हे सगळं पाहिलं. त्याला वाईट वाटलं. पण हे त्यांचं घरगुती प्रकरण, आपण मध्ये पडू नये, असंही वाटलं.

दिवेलागणीला गुरुजी आले. घाटापासून घरापर्यंतच कोणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण ते पाय न धुता सरळ खाटेपाशी गेले. नरहरीने सांगायला सुरुवात केली. पहाटेपासूनचं दुखणं, उलट्या, पाठीतली कळ, सगळं त्याने नीट सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “डबी उघडलेली नाही, गुरुजी. पोट जसंच्या तसं ठेवलंय तुमच्यासाठी.”

गुरुजींनी हात पुढे केला. नरहरीला वाटलं, आता पोटावर ठेवतील. हात त्याच्या कनवटीपाशी येऊन थांबला. “डबी दे,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी पोटाला बोटही लावलं नाही. बोटभर मधात थोडीशी अफू उगाळून ती लखबाच्या जिभेवर ठेवली आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्याचा श्वास पाहिला, डोळे पाहिले, आणि आणखी थोडी दिली. पुन्हा बसून राहिले. नऊ वर्षांत नरहरीने असं कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी नियम घातला, त्यांनीच तो त्याच्या डोळ्यांदेखत मोडला होता, तेही एका शब्दाचं कारण न देता.

लखबाच्या मुठी हळूहळू सुटल्या. त्याने पहिल्यांदा पाठ टेकली. मग गुरुजी म्हणाले, “आता हात लाव. तू लाव.”

“पण आता काय कळणार, गुरुजी? दुखणं तर निजलं.”

“लाव तर खरं.”

नरहरीने हात ठेवला. सकाळी त्याने एकदा चाचपडून पाहिलं होतं, तेव्हा लखबाने अख्खं पोट फळीसारखं ताठ धरलं होतं आणि कुठेही स्पर्श केला तरी तो ओरडला होता. आता खालचं पोट मऊ होतं. कुशी मऊ होत्या. बेंबीच्या वर, मधोमध, खोलवर बोटं नेली तेव्हा लखबाने डोळे मिटले आणि “हितं,” असं म्हणाला.

“बघ,” गुरुजी म्हणाले. “दुखरी जागा अजून दुखतेच आहे. सकाळी सगळीकडे होती, आता एका जागी आहे. आता ती तुला पत्ता सांगते आहे.”

लखबाने डोळे उघडले. पडवीत दिवा लावलेला त्याने पाहिला. “दीस मावळला व्हय?” त्याने विचारलं. आवाज खोल गेला होता, पण त्याचाच होता. मग म्हणाला, “रेणू आलती का?”

तुळजाबाई म्हणाली, “आलती.”

“कुठं हाय?”

“गेली.”

“जेवून गेली का?”

तुळजाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. लखबा तिच्याकडे पाहत राहिला. “म्या तिला लांब हो म्हनलो,” तो म्हणाला. “का सपान पडलं मला?”

गुरुजींनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मग बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. नरहरी त्यांच्यामागे गेला.

“नावेतून उतरताना एक बाई चढत होती,” गुरुजी म्हणाले. “डोळ्याला पदर लावलेला. मी तिला वाट दिली.” मग नदीकडे पाहून म्हणाले, “शेवटची खेप होती.”

नरहरीने विचारलं, “सकाळी अफू दिली असती तर हा वाचला असता का?”

“नाही. आतली आग फार पसरली आहे. नाडी बघितलीस ना? उद्याची संध्याकाळ तो पाहील असं मला वाटत नाही. अफूने हा रोग जात नाही, आणि वाढतही नाही. तो जगायचा तेवढाच जगला असता.”

“मग माझं काय चुकलं? मी तुमचाच नियम पाळला.”

“माझाच पाळलास, म्हणून तर तुझ्यावर रागावायला मला तोंड नाही,” गुरुजी म्हणाले. “तीस वर्षांपूर्वी एक गुराखी पोट धरून आला होता. मी घाईत होतो. हात न लावता अफू दिली आणि घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी तो आतडं फुटून मेला. अफूने मेला नाही, नरहरी. मी तपासायचा आळस केला म्हणून मेला. पण आळसाचं नाव घेणं जड जातं, अफूचं नाव घेणं सोपं. म्हणून मी नियम केला. मला म्हणायचं होतं, हात लवकर लावा. तुम्ही ऐकलंत, डबी उशिरा उघडा. आणि तीस वर्षं मी ते तसंच चालू दिलं, कारण त्यात माझी चूक झाकली जात होती.”

“पण हात तुमचा लागायला हवा होता.”

“का? नऊ वर्षं काय तुझे हात मी नुसते खलबत्त्याला जुंपले होते?” त्यांच्या आवाजात राग आला आणि लगेच ओसरला. “देवाने दोन हात दिलेत. एकाने पोट बघ, दुसऱ्याने डबी उघड. रोग लपू नये म्हणून तू दिवसभर राखण केलीस. रोग कुठे जात होता? तो आतच होता. लपला तो माणूस. लेक आली तेव्हा तिला बाप दिसलाच नाही, नुसतं दुखणं दिसलं, आणि दुखण्यानं तिला ढकललं. त्याच्याकडे एकच दिवस उरला होता. तो आपण दोघांनी घेतला.”

नरहरीने मान खाली घातली. मग म्हणाला, “पहिल्या खेपेला मी जातो.”

“तुलाच जायला हवं,” गुरुजी म्हणाले.

सकाळी नाव या तीराला लागली तेव्हा नरहरी पाण्यात गुडघाभर उभा होता. पलीकडे उतरून दोन कोस तो जवळजवळ पळतच गेला. रेणू दारात कांडीवर सूत गुंडाळत बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

“तुमचे वडील तुम्हाला बोलावतायत,” नरहरी म्हणाला. “रोग फार अवघड आहे. काल त्यांना शुद्ध नव्हती, म्हणून तसं बोलले.”

“शुद हुती,” रेणू म्हणाली. “डोळं उघडं हुतं. म्या न्हाई येनार. येकदा ढकललं, दुसऱ्यांदा ढकललं, आता तिसऱ्यांदा कशापायी?”

नरहरीला वाटेत पुष्कळ वाक्यं सुचली होती. रोगाचं स्वरूप, वेदनेने होणारा भ्रम, सगळं त्याने जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. त्याने कनवटीची डबी काढली आणि तिच्यापुढे उंबऱ्यावर ठेवली.

“यात अफू आहे,” तो म्हणाला. “काल तुम्ही आलात तेव्हा ही माझ्याकडे होती. सकाळपासून होती. तुमच्या आईने मागितली, मी दिली नाही. संध्याकाळी गुरुजींनी दिली, आणि तुमच्या वडिलांनी पहिलं नाव तुमचं घेतलं. तुम्हाला त्यांनी ढकललं नाही, ताई. मी ढकललं.”

रेणूने डबीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने त्याला शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने सूत खाली ठेवलं, दार ओढून घेतलं आणि चालायला लागली. इतकी भरभर, की त्याला तिच्या मागे राहणं कठीण झालं. नावेत ती पुढच्या टोकाशी उभी राहिली.

अलीकडच्या घाटावर गुरुजी उभे होते. खांद्यावर घडी घातलेली एक काळी घोंगडी होती. त्यांना तिथे पाहिलं तेव्हाच नरहरीला समजलं. रेणूलाही समजलं असावं, कारण उतरताना तिने कोणाला काही विचारलं नाही.

गुरुजींनी घोंगडी तिच्या हातात दिली. “सकाळी ऊन अंगणात उतरलं तेव्हा गेले,” ते म्हणाले. “शेवटी दुखत नव्हतं. ही त्यांनी रात्रीच घरून आणवली होती. तुमच्यासाठी ठेवली होती म्हणाले.”

“काय बोलले का?” रेणूने विचारलं.

“एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते,” गुरुजी म्हणाले. “रेणू जेवून गेली का?”

रेणूने घोंगडी उराशी धरली. पाण्यात पाय तसेच ठेवून ती घाटाच्या पायरीवर बसली.

“न्हाई जेवले, आबा,” ती त्या घोंगडीला म्हणाली.

नरहरी पुढे त्या पडवीचा वैद्य झाला आणि पुष्कळ शिष्य त्याच्या हाताखाली तयार झाले. पहिल्या दिवशी नियम सांगायची चाल त्याने मोडली नाही. पण नियमाबरोबर तो नव्या शिष्याला ही हकीकत सांगे, स्वतःचं नाव घेऊन सांगे, आणि मग डबी त्याच्या हातात देई. आजही पोट धरून आलेल्या माणसाला ‘मोठे डॉक्टर येईपर्यंत कळ काढा’ म्हणण्याआधी, त्याच्या पाठीमागे दारात कोण उभं आहे, एवढं तरी आपण वळून पाहावं.